एसीएल फाटलंय: हॅमस्ट्रिंग, पेरोनियस की वाटीखालचा पट्टा?

तापीकाठचा (चोपडा)

मंडळी, जरा सविस्तर लिहितो.

पुतण्या, वय २१. गावच्या यात्रेतल्या कबड्डीत चढाई करून परतताना एका पायावर गिरकी घेतली. कोणी धरलंही नव्हतं. गुडघ्यात 'कट्' झालं आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधून ठेवणारी लिगामेंट, म्हणजे दोरी) पूर्ण फाटलेलं आलंय, शिवाय आतल्या बाजूच्या गादीला (मेनिस्कस) मागच्या टोकाशी चीर आहे. सूज आता बरीच उतरली. सपाट रस्त्यावर नीट चालतो, पण वळताना पाय निसटतो म्हणतो.

आता खरी पंचाईत. जळगावचे डॉक्टर म्हणाले मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) काढून एसीएलच्या जागी ग्राफ्ट म्हणून बसवू, तो धरायला वर बटण, खाली स्क्रू. नाशिकचे म्हणाले हॅमस्ट्रिंगला हात लावायचा नाही, घोट्याजवळून पेरोनियस लाँगस हा टेंडन काढू. सुरतेला मेहुण्याच्या ओळखीने दाखवलं, तिथे 'ऑल-इनसाइड' करा म्हणाले, आणि खर्चाचा आकडा बाकी दोघांपेक्षा चांगलाच वर. त्यात पुतण्याच्या तालमीतला एक मित्र म्हणतो, खेळाडू असशील तर वाटीखालचाच पट्टा घे, बाकी सगळं पोरखेळ.

पोराला पोलीस भरतीचं मैदान मारायचंय. भरती नाही झाली तर घरची केळी आहेच, म्हणजे चिखलात चालणं, उकिडवं बसणं, घड उचलणं. तिघेही डॉक्टर चांगले वाटले, तिघांच्या बोलण्यात दम होता. कोणाचं ऐकायचं? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी लिहा, आणि धाग्यावर कोणी डॉक्टर असतील तर त्यांनीही.

भुसावळ_जंक्शन

मी वाटीखालचा पट्टा घेतला होता, म्हणजे वाटी आणि नडगीच्या मधला टेंडन, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून काढतात तो. गुडघा आजही दगडासारखा पक्का. ऑपरेशननंतर फुटबॉल खेळलो, पाय एकदाही निसटला नाही.

पण गुडघा टेकून बसता येत नाही. रेल्वेत माझं काम असं आहे की डब्याखाली वाकून, गुडघा टेकून बघावं लागतं. जाड स्पंज बांधल्याशिवाय आजही जमत नाही. घरी पूजेला बसलो तरी उठताना आधी दुसऱ्या पायावर भार देतो. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

यावलचा_नाना

एवढा खर्च कशाला भाऊ? आमच्याकडे पाय बसवणारे आहेत, तीन वेळा तेल लावून ओढलं की माणूस चालायला लागतो. माझा चुलतभाऊ असाच पडला होता, महिन्यात शेतात गेला.

अस्थिरोग_धुळे

नाना, तुमचा चुलतभाऊ शेतात गेला हे खरं असणार. एसीएल फाटलेला माणूस महिन्याभरात सरळ रेषेत चालतोच, मालिश करा नाहीतर करू नका. अडचण वळताना येते, आणि प्रत्येक वेळी पाय निसटला की गादी आणखी चिरते. सुजलेला गुडघा ओढण्याने तर नुकसानच होतं. दुचाकीच्या अपघातात एकापेक्षा जास्त लिगामेंट गेली असतील तर गुडघ्यामागच्या रक्तवाहिनीलाही इजा झालेली असू शकते. अशा वेळी मालिशीत गेलेले तास पायावर बेततात.

आता मूळ प्रश्न. मी गुडघ्याची दुर्बिणीची ऑपरेशन्स करतो. पोराला तपासलेलं नाही, त्यामुळे 'हेच करा' असं लिहिणार नाही, पण चित्र स्पष्ट करतो.

पहिली शंका सगळ्यांनाच येते, फाटलंय तर शिवून का टाकत नाही? प्रयत्न फार जुना आहे. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला मेयो रॉब्सन या सर्जननी एका खाण कामगाराच्या गुडघ्यातली लिगामेंट टाके मारून जोडली होती. पुढे टाके घालणं रूढही झालं. पण १९७६ मध्ये वेस्ट पॉइंटच्या अमेरिकी लष्करी कॅडेट्सचा पाच वर्षांचा पाठपुरावा छापून आला, त्यात निम्म्याहून जास्त जणांचा गुडघा पुन्हा दुखावला होता. कारण असं की एसीएल सांध्याच्या द्रवात असतं, तिथे रक्ताची गाठ टिकत नाही, आणि गाठच नाही तर भरून येण्याला धरायला काही नाही. बाजूचं एमसीएल (गुडघ्याच्या आतल्या कडेची लिगामेंट) सांध्याबाहेर असतं, ते बहुतेकदा ऑपरेशनशिवाय भरतं. म्हणून एसीएलच्या जागी शरीरातलाच दुसरा टेंडन बसवतात.

अलीकडे मांडीच्या हाडाकडून सोलून निघालेलं एसीएल पुन्हा त्याच जागी टाचायचं तंत्र परत आलंय, पण ते मोजक्या रुग्णांना लागू पडतं. बोस्टनला गाईच्या कोलॅजेनचा तुकडा रुग्णाच्याच रक्तात भिजवून फाटलेल्या टोकांमध्ये बसवायची पद्धत निघाली, तिला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२० मध्ये परवानगी दिली. तुमच्या पोराचा निर्णय त्यावर अडवून ठेवू नका. १९८० च्या दशकात गोरटेक्स आणि डॅक्रॉनची कृत्रिम लिगामेंटही बसवली गेली, ती झिजली, तुटली, सांध्यात सूज राहिली. त्यामुळे 'रेडीमेड लिगामेंट टाकू' असं कोणी म्हणालं तर चार प्रश्न जास्त विचारा.

ग्राफ्टचं सांगायचं तर भुसावळ_जंक्शन यांनी लिहिलं ते अगदी बरोबर. वाटीखालच्या पट्ट्याला दोन्ही टोकांना हाड असतं, हाडाशी हाड सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. हॅमस्ट्रिंगचा नुसता टेंडन हाडात रुजायला आठ ते बारा आठवडे जातात. स्कँडिनेव्हियातल्या देशांच्या एसीएल ऑपरेशनच्या नोंदवह्यांत वाटीच्या पट्ट्याला पुन्हा ऑपरेशनची वेळ थोडी कमी आलेली दिसते. म्हणून धडक देणाऱ्या खेळांसाठी अनेक सर्जन तो पसंत करतात. किंमत गुडघा टेकताना मोजावी लागते, आणि आपल्याकडे अर्धं आयुष्य जमिनीवर जातं. निंदणी, नमाज, पूजा, चुलीपुढचं बसणं. युरोपातल्या रुग्णाला जे कधीमधी लागतं ते आपल्या माणसाला रोज लागतं. त्यामुळे तिकडचा निकाल जसाच्या तसा उचलून चालत नाही.

बाकी संध्याकाळी लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

सातपुडा_एक्सप्रेस (नंदुरबार)

मी हॅमस्ट्रिंगवाली. व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून एका पायावर उतरले आणि गेलं. आता शाळेत खेळ शिकवते. जाता जाता, एकाच खेळात मुलींना एसीएलची इजा मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, तरी आमच्या जिल्ह्यात मुलींच्या संघांना उडी मारून उतरायचं कसं हे कोणी शिकवत नाही. तो वेगळा धागा होईल.

माझा अनुभव: गुडघा टेकायला त्रास नाही, मांडी घालून बसते. मात्र टाच ढुंगणाला लावायची म्हटलं की त्या पायात जोर कमी वाटतो. पालथं झोपून पाय दुमडला की फरक लगेच कळतो. सुरुवातीला मांडीच्या मागे अचानक 'टच्' होऊन काळंनिळं झालं होतं, फिजिओ म्हणाले टेंडन काढलेल्या जागी असं होतं, घाबरू नका. नडगीच्या आतल्या बाजूला हाताएवढा भाग बधिर आहे, त्याची सवय झाली.

धावण्याचं म्हणाल तर १०० मीटरच्या सुरुवातीला स्फोटक जोर लागतो तिथे अजून कमी पडते. लांब पल्ल्यात काही जाणवत नाही. पोलीस भरतीच्या मैदानात मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, तेव्हा १०० मीटरचा विचार करून डॉक्टरांशी बोला.

रावेरचा_केळीवाला

पेरोनियसवाला मी. मोटारसायकल घसरून गुडघा गेला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दोन लहान टाके, तिथून लांबलचक टेंडन काढला. डॉक्टर म्हणाले जाडी मस्त मिळाली, मांडीला धक्का नाही.

तुम्ही केळीचं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतो. घड खांद्यावर, खाली ठिबकमुळे ओली काळी जमीन, अशा वेळी घोटा आत-बाहेर वळतो. पहिले काही महिने तो घोटा कच्चा वाटायचा, बांधावरून चालताना पाय बाहेरच्या अंगाला टेकायची भीती वाटायची. घोट्याचे व्यायाम गुडघ्याएवढेच केले तेव्हा सुधारला. आता घड वाहतो, पण बूट घालून. अनवाणी नाही.

आणि उन्हाळ्यात ऑपरेशन टाळता आलं तर टाळा. एप्रिल-मेच्या रावेरच्या उन्हात तो लांब ब्रेस म्हणजे शिक्षा. घामाने पट्टी ओली, ओली पट्टी म्हणजे टाक्यांची चिंता.

अमळनेरकर_भो

मना गुडघा बी असाच गया भो! पण माले डाक्टरनी काही इचारंच नही, टेबलवर घिदं अन् हॅमस्ट्रिंग काढी टाकं. तुमी तिघांले इचारी राह्यनात हाई चांगलं शे.

अस्थिरोग_धुळे

अमळनेरकर, हसू आलं, पण मुद्दा गंभीर आहे. ग्राफ्ट कुठून घ्यायचा हे रुग्णाशी बोलूनच ठरायला हवं.

हॅमस्ट्रिंगची खरी अडचण जाडी. सेमीटेंडिनोसस आणि ग्रॅसिलिस हे दोन टेंडन दुमडून ग्राफ्ट करतात. तो ८ मिलिमीटरपेक्षा बारीक निघाला तर पुन्हा फाटण्याचं प्रमाण वाढतं. बुटक्या, सडपातळ माणसात तो बारीक निघतो, आणि नक्की किती जाड ते टेबलवर काढल्यावरच कळतं. म्हणून पुतण्याच्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा: "टेंडन बारीक निघाला तर तुम्ही पुढे काय करता?" चांगला सर्जन चटकन उत्तर देईल. कोणी एक टेंडन जास्त वेळा दुमडतो, कोणी पेरोनियसची तयारी ठेवतो.

पेरोनियस भारतात गेल्या काही वर्षांत फार लोकप्रिय झालाय, कारण हीच जाडी. काढायला सोपा, बहुतेकांना ८ च्या वर मिळतो, मांडीची ताकद शाबूत राहते. घोट्याच्या तपासण्यांत बहुतेक रुग्ण ठीक निघतात. तरी केळीवाल्यांनी लिहिलेलं मी गंभीरपणे घेतो. जो माणूस रोज उंचसखल जमिनीवर भार घेऊन चालतो, त्याच्या घोट्याची परीक्षा दवाखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर होत नाही. घोटा आधी कधी मुरगळलेला असेल तर मी पेरोनियसला हात लावत नाही.

चौथा पर्याय कोणी सांगितलेला दिसत नाही, तो म्हणजे वाटीच्या वरचा क्वाड्रिसेप्स टेंडन. जाड असतो, गुडघा टेकताना वाटीखालच्या पट्ट्याएवढा त्रास नाही. पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत यायला चिकाटी लागते. आपल्याकडे करणारे कमी आहेत, आणि जो सर्जन वर्षातून दोनदाच करतो त्याच्याकडून मी तरी करून घेणार नाही. दात्याकडून आलेला, म्हणजे मृत व्यक्तीच्या शरीरातला ग्राफ्ट तरुण खेळाडूत टाळावा. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत तो पुन्हा फाटण्याची शक्यता स्वतःच्या टेंडनच्या सुमारे चौपट निघाली होती.

आता ऑल-इनसाइड. यात हाडातून आरपार बोगदा न पाडता दोन्हीकडे आतून आंधळे (एका टोकाला बंद) खड्डे करतात आणि ग्राफ्ट दोन्ही टोकांना बटणांवर ताणून धरतात. एकच टेंडन चौपदरी करून भागतं, म्हणजे ग्रॅसिलिस वाचतो. पहिल्या काही दिवसांत दुखणं थोडं कमी. बटणं दोन आणि खड्डा पाडायचं खास हत्यार, म्हणून बिल फुगतं. दोन वर्षांनी गुडघे शेजारी ठेवून बघितले तर कुठला कोणत्या पद्धतीचा हे ओळखणं अवघड. सुरतेचे डॉक्टर हेच रोज करत असतील तर चांगलंच आहे, पण फक्त त्या नावासाठी जास्तीचे पैसे भरा असं मी म्हणणार नाही.

ज्यावर फारसं कोणी विचारत नाही ती गोष्ट म्हणजे बोगद्याची जागा. खुंटी चुकीच्या जागी ठोकली तर दोर कितीही जाड असो, जनावर सुटतंच. पूर्वी मांडीच्या हाडातला बोगदा नडगीच्या बोगद्यातूनच पाडायचे, त्यात ग्राफ्ट उभा बसायचा. पाय पुढे सरकणं थांबायचं, पण गिरकी घेताना निसटणं राहायचं. मग आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून, गुडघा चांगला दुमडून, मूळ लिगामेंटच्या जागी बोगदा पाडायची रीत आली. आज बहुतेक जण तेच करतात. गंमत म्हणजे २०१३ मध्ये डेन्मार्कच्या नोंदवहीत नव्या पद्धतीत पुन्हा ऑपरेशन जास्त झालेली आढळली. हात बसेपर्यंतच्या चुका हे एक कारण, आणि दुसरं हे की योग्य जागी बसलेल्या ग्राफ्टवर भार खराखुरा येतो, तेव्हा घाईने मैदानात उतरलेला पोरगा तो तोडतो.

दोन पदरी, म्हणजे डबल बंडल पद्धतीचा मध्यंतरी बराच गाजावाजा झाला. मूळ एसीएलचे दोन पदर असतात म्हणून ग्राफ्टही दोन. यंत्रावर मोजलं की थोडी जास्त स्थिरता दिसते, रुग्णाला फरक फारसा जाणवत नाही, आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर हाडात चार भोकं. मी करत नाही.

तुमच्या पोराच्या बाबतीत मी एक गोष्ट मात्र आवर्जून विचारेन. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मांडीच्या पट्ट्यातून एक जादा दोरी बांधतात, तिला लॅटरल टेनोडेसिस म्हणतात. १४ ते २५ वयाच्या ६१८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. फक्त हॅमस्ट्रिंगमध्ये दोन वर्षांत ११ टक्के ग्राफ्ट फाटले, जोडीला टेनोडेसिस केलेल्यांत ४ टक्के. २१ वर्षांचा कबड्डीपटू म्हणजे नेमका हाच गट. सगळ्यांना लागत नाही, चाळिशीच्या कारकुनाला तर नाहीच, पण याच्यासाठी तिन्ही डॉक्टरांना विचारा.

तापीकाठचा (चोपडा)

डॉक्टरसाहेब, इतकं कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. गादीचं काय? तिघांपैकी दोघांनी तो विषय दोन वाक्यांत उरकला. आणि खर्च. योजनेत बसेल का?

अस्थिरोग_धुळे

गादीचं आधी, कारण मला विचाराल तर ती ग्राफ्टपेक्षा मोठी गोष्ट आहे. मागच्या टोकाची चीर शिवता आली तर शिवायची, कापून टाकायची नाही. कापली की आज बरं वाटतं आणि पुढे सांधा झिजतो. एसीएलबरोबरच्या काही चिरा गादीच्या अगदी मागच्या कडेला असतात, त्या समोरून दुर्बीण घालून दिसतच नाहीत, मुद्दाम मागे जाऊन बघाव्या लागतात. विचारा: "मागे जाऊन बघता का? शिवायचं सामान तयार असतं का?" या उत्तरावरून मी डॉक्टर निवडेन.

योजनेसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशन कार्ड, आधार आणि एमआरआय घेऊन जा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पॅकेजमध्ये इम्प्लांट कोणतं आणि गादी शिवायचं साहित्य धरलंय का, हे ऑपरेशनच्या आधी लेखी विचारा. स्क्रू टायटॅनियमचा की विरघळणारा यावर झोप उडवून घेऊ नका, दोन्ही चालतात. टायटॅनियम असलं तरी पुढे एमआरआय करता येतो, फक्त धातूच्या आसपास चित्र थोडं पुसट येतं.

पाचोरा_लोकल

आमच्या एका ओळखीच्याला एका दवाखान्यात गुडघ्यात 'पीआरपी'ची (रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाची) तीन इंजेक्शनं दिली, लिगामेंट जुळेल म्हणून. पैसे गेले आणि गुडघा तसाच. असल्या ठिकाणांवरही लिहा कोणीतरी.

अस्थिरोग_धुळे

पूर्ण फाटलेलं एसीएल पीआरपीने जुळत नाही. एवढंच.

हळूहळू_चला (फिजिओ, जळगाव)

तुम्ही सगळे टेंडनवर भांडताय, माझ्याकडे येणारे रुग्ण कशाने फसतात ते मी सांगते.

ऑपरेशनच्या आधी: गुडघा पूर्ण सरळ होतोय का ते बघा. पालथं झोपवून दोन्ही टाचा एका पातळीत येतात का? नाही आल्या तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला, कारण सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की तो नंतरही आखडून राहतो. मांडीचा पुढचा स्नायू आवळायला आजपासूनच लागा. या आधीच्या व्यायामाने नंतरचा प्रवास सोपा होतो, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

ऑपरेशनच्या नंतर: पहिल्या दोन आठवड्यांत तीनच कामं. सूज उतरवणं, पाय पूर्ण सरळ करणं, मांडीचा स्नायू जागा करणं. आपल्याकडे घरचे लोक प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात. ती उशी काढा! टाचेखाली द्या. गुडघ्याखालच्या उशीने पाय वाकडाच राहतो आणि मग माझ्याकडे रडारड. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा टाक्यातून पाणी आलं तर फिजिओकडे नाही, थेट सर्जनकडे.

गादी शिवली असेल तर पाय टेकवण्याची आणि वाकवण्याची बंधनं वेगळी, ती सर्जन लिहून देतील ती पाळायची. उकिडवं बसणं तेव्हा चार-सहा महिने विसरायचं. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला बोलावलं तर खुर्ची मागून घ्या, लाजू नका. घरी देशी संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणा. ऐनवेळी शोधत फिरणारे फार बघितलेत.

आता भरतीचं. दोन-तीन महिन्यांनी गुडघा दुखायचा थांबतो आणि पोरगा म्हणतो मी बरा झालो. नेमका तेव्हा ग्राफ्ट कच्चा असतो. बसवलेला टेंडन आधी कमकुवत होतो, मग त्यात नवीन रक्तवाहिन्या येतात आणि तो हळूहळू लिगामेंटसारखा होतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एकत्र अभ्यासात २०१६ मध्ये दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं तितका पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी होत गेला. नुसते महिने मोजूनही भागत नाही. एका पायावर उड्या मारायच्या चाचण्यांत दुखरा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत यायला हवा, मांडीची ताकदही तेवढी. भरतीचं मैदान पुढच्या सहा महिन्यांत असेल तर ते मनातून काढा. पंचविशीच्या आत खेळात परतणाऱ्या साधारण २३ टक्के जणांना त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा एसीएलची इजा होते. हो, दुसऱ्या गुडघ्यातही.

भुसावळ_जंक्शन

+१. आमच्या टीममध्ये एकाने चौथ्या महिन्यात सामना खेळला. त्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टा दुसऱ्या पायातून घ्यावा लागला.

शिरपूरची_ताई

मध्येच विचारते, क्षमस्व. माझं वय ४६, शिक्षिका. स्कूटीवरून पडले, एसीएल पूर्ण फाटलंय, गादी ठीक आहे असं एमआरआयमध्ये आहे. खेळत नाही, धावत नाही. जिना चढते उतरते. ऑपरेशन केलंच पाहिजे का? घरात सगळे म्हणतात कर, नाहीतर पुढे सांधा बदलावा लागेल.

अस्थिरोग_धुळे

ताई, केलंच पाहिजे असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालचाल असलेल्या लोकांवर चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, अर्ध्यांना आधी नीट व्यायाम आणि लागलं तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी व्यायामवाल्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलंच नव्हतं, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यात मोठा फरक नव्हता. ते तर तुमच्यापेक्षा कितीतरी तरुण होते. उलट बाजूही सांगतो. २०२२ मध्ये इंग्लंडमधून आलेल्या चाचणीत जुनी इजा असलेले, पाय निसटत राहणारे रुग्ण होते, त्यांना ऑपरेशनने जास्त फायदा झाला. म्हणजे पाय निसटतो का, हा प्रश्न. तीन महिने मनापासून व्यायाम करा. नंतरही निसटत असेल तर बोलू. सांधा बदलण्याची भीती घालणाऱ्यांना सांगा की ऑपरेशनने झीज थांबते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

शिरपूरची_ताई

खूप बरं वाटलं. निसटत नाही. पण कधीकधी गुडघा अडकतो, थोडा हलवला की सुटतो.

तापीकाठचा (चोपडा)

सगळ्यांचे आभार. काल जळगावच्या डॉक्टरांना पुन्हा भेटलो, इथले प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पुतण्या ५ फूट ४ इंच आणि काटक, म्हणून हॅमस्ट्रिंग बारीक निघाला तर काय, हे विचारलं. म्हणाले एक टेंडन चौपदरी करतो, तरी नाही पुरला तर पेरोनियसची संमती आधीच घेऊन ठेवू. गादीला मागे जाऊन बघतो म्हणाले आणि शिवायचं सामान दाखवलं. टेनोडेसिसचं नाव काढल्यावर खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" याच्यासाठी करणार आहेत. नाशिक आणि सुरत मनातून काढलं, जळगाव जवळ पडतं, फिजिओला रोज नेता येईल.

पोरगं मात्र तोंड पाडून बसलंय, यंदाचं मैदान गेलं म्हणून. एक विचारायचं राहिलं: लांब ब्रेस आत्ताच घेऊन ठेवू का? दुकानदार सवलत देतोय.

हळूहळू_चला (फिजिओ, जळगाव)

नका घेऊ. गादी शिवली तरच लागेल, आणि कोणता ते सर्जन सांगतील. त्या पैशात वजनाचा पट्टा घ्या, नाहीतर जुन्या पँटच्या पायात वाळू भरून घोट्याला बांधायची पिशवी शिवा. ती ऑपरेशननंतर, मी सांगेन तेव्हा. आज रात्रीपासून पाय सरळ उचलायचा, रिकामा, दहा-दहाचे तीन सेट.

शिरपूरच्या ताई, तुमचा गुडघा 'अडकतो' हे वाक्य डॉक्टरांनी वाचलं का?

अस्थिरोग_धुळे

आत्ता वाचलं. ताई, मग माझं वरचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. अडकणारा गुडघा म्हणजे गादीचा तुकडा मध्ये येतोय अशी शंका घ्यायची, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ठीक लिहिलं असलं तरी. पडण्याच्या किती दिवसांनी एमआरआय काढला आणि त्यानंतर पाय कधी मुरगळला का, ते लिहा. फिल्म घेऊन याच आठवड्यात गुडघ्याच्या सर्जनला दाखवा. आणि एखाद्या दिवशी अडकून सुटलाच नाही, सरळच होईना, तर तेल-शेक करत बसू नका, त्याच दिवशी निघा.